लिंबापर्यंत जाऊन ये

अख्ख्या नगर जिल्ह्यात माणसाच्या तोंडाकडे न बघता माणूस ओळखणारा एकच इसम असेल, आणि तो म्हणजे आमचे हाडांचे डॉक्टर. तोंड त्यांच्या ध्यानातच राहत नाही. चाल राहते. तुम्ही कोणत्या पायावर भार देता, आधी टाच टेकता की चवडा, हे एकदा पाहिलं की जन्माची ओळख. त्यांची बायको एकदा नवी उंच टाचांची चप्पल घालून दवाखान्यात डबा घेऊन गेली, तर हे मान खाली घालूनच म्हणाले, "बसा हं, नंबर आला की बोलावतो." बिचारी बसली की, डबा मांडीवर घेऊन, चार पेशंट होईपर्यंत! आणि कंपाउंडर पायात काटा मोडल्यामुळे लंगडत कामावर आला, तर त्यालाच विचारलं, "कधीपासून दुखतंय? केसपेपर काढला का?"

दवाखाना नगरला, पण मूळ गाव आमच्याकडचं, तिसगावशेजारचं. बाजाराच्या दिवशी आईला भेटायला येतात आणि मग तिसगावात चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसतात ते बसतातच. चहावर साय धरते, माशी येऊन बसते, ह्यांची नजर आपली लोकांच्या पायांवर. मेथीच्या जुड्या, शेळ्या, धूळ, आणि त्या धुळीतून वाहत जाणारे पाय. एखाद्याने नदीकाठी बसावं तसे बसतात. नवीन बदलून आलेल्या हवालदाराने एकदा विचारलंही, "काय हो, चप्पल चोरीला गेली का?"

"नाही," म्हणाले, "माझी माणसं शोधतोय."

माझी त्यांची ओळख मात्र वाईट दिवशी झाली. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, नऊ वर्षांची नात ईश्वरी माझ्या भरवशावर. मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते आणि पोर चिंचेवरून पडली. पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. शेजारणी म्हणाल्या, मुरगळलाय, हळद-तेल लावा. पण जीपवाला शहाणा, त्याने कुणाचं ऐकलं नाही, तिला थेट नगरला नेलं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले, पुनवेचा चंद्र बघावा तसे. मला वाटलं, झोपले की काय उभ्या उभ्या.

"आजी, खुब्यात मोडलंय. लहान लेकरांत हे क्वचित मोडतं, पण मोडलं की थांबायचं नसतं. आज दुपारीच ऑपरेशन."

"आवं, तिच्या आईबापाला तर येऊ द्या."

"फोन लावा, मी बोलतो त्यांच्याशी. मांडीच्या हाडाचा हा वरचा गोळा दिसतो ना, तो समजा शेवटचा वाफा. तिथं पाणी एका बारीक पाटानं जातं. तो पाट दुखावलाय. लवकर बांधून घेतलं तर वाफा वाचायची आशा. वाळला, तर पोर लंगडणार."

"वाचला का न्हाई, ते कवा कळंल?"

"दोन वर्षं बघत राहायचं."

फोनवर मुलाने डॉक्टरांना होकार दिला आणि मला एवढंच विचारलं, "आये, तुझं ध्यान कुठं हुतं गं?" ते वाक्य मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपले.

हाड जागेवर बसवून दोन स्क्रू घातले. वर छातीखालपासून पायांपर्यंत प्लास्टर, आणि दोन पायांच्या मध्ये आडवी काठी. मी मायेनं ती काठी धरूनच पोर उचलायला गेले, तर डॉक्टर केवढ्यांदा ओरडले, "अहो आजी, ती बादलीची कडी नाही!"

मग नगरच्या खेपा सुरू झाल्या. दर खेपेला फोटो खिडकीत, आणि नंतर दवाखान्याच्या अंगणात तो एकच हुकूम, "ईश्वरी, त्या लिंबापर्यंत जाऊन ये." आधी कुबड्या घेऊन, मग कलत कलत, मग जरा बरी. डॉक्टर पँट मळवत उकिडवे बसायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, ते तिच्या पायाकडे, आणि ती लिंबावरच्या पोपटांकडे. उन्हात सगळं कसं थांबून राहिल्यासारखं व्हायचं. शेवटी म्हणायचे, "बघू." दोन वर्षांत ह्या माणसाने 'बघू'च्या पुढे शब्द काढला नाही.

दोन वर्षं भरत आली आणि गेल्या बाजारी आम्ही दोघी तिसगावला गेलो. ईश्वरी पुढे पळाली, भेळ घेऊन परत आली, पुन्हा बांगड्यांच्या दुकानाकडे गेली. मी मागून रमतगमत. बाकड्यावरून मान वर न करता आवाज आला, "या आजी. उजवा गुडघा जास्तच धरलेला दिसतोय. नात नाही आणली? तिच्या फोटोची वेळ झाली की."

"आवं डॉक्टर, आत्ता तुमच्या म्होरून दोनदा गेली की ती!"

त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले. "कुठली?"

"ती काय, पिवळ्या फ्रॉकातली."

बांगड्यांपाशी दहा-बारा पोरी होत्या. पिवळा फ्रॉक त्यांतून निघाला आणि गर्दीतून चालू लागला.

"मला ओळखूच आली नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. मग म्हणाले, "फोटो काढूच तरी." आणि तो गार चहा साय-माशीसकट एका घोटात पिऊन टाकला.

मी मुलाला फोन लावायला मोबाईल काढला, पण लगेच काही लावला नाही. बाकड्यावर टेकले. पिवळा फ्रॉक केव्हाच दिसेनासा झाला होता. आम्ही दोघं धुळीतल्या त्या सगळ्या पायांत तिचे पाय शोधत बसलो, आणि बराच वेळ काही ते सापडले नाहीत.