भरतीआधीचे रोडगे

अकोल्यात भरतीची अकॅडमी चालवणारे आमचे उस्ताद म्हणजे साताऱ्याकडचे निवृत्त हवालदार. आमच्या रक्तात काय आहे, याचा तपास त्यांनी पहिल्याच दिवशी सुई न टोचता लावला. "आमच्याकडं घरटी एक फौजी. तुमच्याकडं कापूस पिकतो, जवान पिकत नाय," असं म्हणत ते आम्हा बोंडांना रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात मात्र वेगळंच शौर्य चाले. दाखल्याच्या रांगेत आम्ही कुणबी, पलटणीचा विषय निघाला की एकदम मराठे. काका तर पारावर बसूनच सीमा राखत. त्यांच्या मते मराठ्यांच्या पलटणीत माझी जागा जन्मापासूनच ठरलेली होती, मी फक्त जाऊन सही करायची होती. वयाच्या अटीत ही माझी शेवटची भरती होती, हे एकट्या बाबांच्या ध्यानात होतं. ते रोज सकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहून मोबाइलवर माझ्या धावण्याची वेळ लावत.

लेखी परीक्षा पास झालो. दौड अमरावतीला होती. आईने मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. नवस काम झाल्यावर फेडतात, हे मारुतीलाही ठाऊक आहे. पण आईचा देवावर विश्वास आणि भरतीवर अविश्वास, म्हणून तिने तो आधीच फेडून टाकला. आदल्या संध्याकाळी शेतात गवऱ्या पेटल्या, निखाऱ्यात कणकेचे जाडजूड रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, सगळी भावकी जमली. उस्तादांनी हलकं खायला बजावलं होतं. पण ज्याच्यासाठी नवस, त्यानेच ताटावर नाही कसं म्हणायचं? "खाय बाप्पा, उद्या पळा लागते," म्हणत आईने चौथा रोडगा कुस्करून त्यावर तूप ओतलं. तिचा चेहरा बघून मी तोही खाल्ला आणि अमरावतीला जायला बडनेऱ्याची गाडी धरली.

सोळाशे मीटरच्या दौडीत पहिल्या दोन फेऱ्या मी सर्वांच्या पुढे होतो. तिसऱ्या फेरीत पोटात अशी कळ आली की मी वाकलोच. वेळ संपली की पळणाऱ्यांपुढे दोर आडवा धरतात. मी दोराच्या अलीकडे राहिलो. फोनवर उस्तादांना वाईट वाटलं, पण फार नाही. त्यांचा सिद्धान्त बचावला होता.

घरी पोचताच बाबांनी विचारलं, "काहून रे, काय झालं?"

आई पदर मुठीत धरून दारात उभी होती. पोटाचं नाव काढलं असतं तर तिने जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. माझ्या तोंडून उस्तादांचंच म्हणणं निघालं. "आपलं रगतच फौजेचं नाही, बाबा. वऱ्हाडातल्या पोराचं काम नाही हे."

काका भडकले. बाबा भडकले नाहीत.

"तुया वयाचा असतानी मीबी गेलतो भरतीले," ते म्हणाले. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. "छाती अर्धा इंच कमी भरली. मलेबी तिथल्या सायबायनं हेच सांगतलं. म्या कदी मानलं नाही. इतके वर्स नाही मानलं. आता तू सोता पळून आला. तू म्हनतं त खरंच असन."