आबांनी मागितलेलं बटण

आधीच सांगून टाकतो — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. वाडीत कुणाच्या अंगात आलं की मी मागच्या दाराने सटकायचो आणि त्यावरून आईच्या शिव्या खायचो. इथले अनुभव वाचतानाही निम्म्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवतो. तेव्हा तुम्ही मला ठेवलीत तर तक्रार नाही. पण हे घडलं ते सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात, चार माणसांच्या ऑफिसात... आणि बघायला मी एकटा नव्हतो.

साल सत्त्याऐंशीच्या आसपासचं. रेडी बंदरावर लोहखनिज भरणाऱ्या एका खाजगी कंपनीत मी कॉम्प्युटर बघायचो. जेटीवर बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मोठी मालवाहू होडी, भरायची आणि बाहेर खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजापर्यंत माल न्यायचा — बंदराचं काम एवढंच. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, त्यातल्याच एका बार्जवर तांडेल होता. हाताखाली सहा माणसं. घरी वहिनी आणि तीन महिन्यांची मुलगी.

कॉम्प्युटर यायच्या आधी बार्जची नोंद आबा ठेवायचे. जुने क्लार्क, सगळे त्यांना आबाच म्हणत. त्यांच्या जाडजूड रजिस्टरात शेवटचा रकाना त्यांनी स्वतः आखलेला होता — गाऱ्हाणं. बार्ज सुटण्याआधी तांडेलाने टोपी काढून देवाला गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांना सुखरूप परत आण म्हणून सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. आबा जेटीवर जाऊन प्रत्येक तांडेलाला एकच प्रश्न विचारायचे, "गाऱ्हाणां घातलां काय?" हो म्हटलं की रकान्यात खूण. मगच दोर सुटायचा. जेटीवरचे हमाल त्यांची नक्कल करायचे. मीही करायचो.

मग ऑफिसात कॉम्प्युटरचं टर्मिनल आलं, म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. त्याच्या कीबोर्डवर सगळ्यात वरच्या ओळीत फंक्शन की होत्या. त्यांतल्या सहा नंबरपासून पुढच्या आपल्याला हव्या तशा भरता यायच्या. एकदा भरली की शिफ्ट धरून ती एक की दाबायची, अख्खं वाक्य स्क्रीनवर! मी एफ-सहावर "बार्ज सुटली" भरलं, सातवर "जहाजाला लागली", आठवर "रिकामी परत" — अर्थात इंग्रजीत. पण हे कीबोर्डवरून करता येत नसे. प्रत्येक अक्षराचा आकडी कोड काढून फाइल लिहायची आणि ती आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून टर्मिनलला पाठवायची. ऑफिसात हे येणारा मी एकटा. आणि टर्मिनल बंद केलं की सगळ्या की कोऱ्या, पुन्हा फाइल पाठवायची. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मी की भरत होतो तेव्हा आबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "सुध्या, एक बटण गाऱ्हाण्याक ठेव रे." मी हसलो. आबा, देवाधर्माची एंट्री होत नाही, असं काहीतरी तोऱ्यात बोलून गेलो. ते चष्मा पुसत बसले. त्याच मे महिन्यात ते रिटायर झाले आणि गणपतीच्या आधी गेले. वाईट वाटलं मला... पण आपलं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नव्हतं, खरं तेच सांगतो.

पावसाळा संपून नवा सीझन सुरू झाला तसा साहेबांनी नियम काढला. मी एफ-सहा दाबूनच नोंद करायची, हाताने टाइप केलेली चालणार नाही, जेटीवरच्या प्रिंटरवर तिची स्लिप निघणार आणि स्लिप हातात पडल्याशिवाय कुणी बार्ज सोडायची नाही. घरी जेवताना मी दादाला फुशारकीने सांगितलं की आता स्लिप आली की सुटायचं, कुणी खोळंबून काही विचारत बसणार नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. दादाची बार्ज भरून तयार. त्याने वायरलेसवर कळवलं, मी शिफ्ट धरून एफ-सहा दाबली.

स्क्रीनवर आलं — गाऱ्हाणां घातलां काय?

अक्षरं इंग्रजी, पण वाक्य हेच. शेजारच्या टेबलावर आमच्या टायपिस्ट मालतीताई बसायच्या. मला वाटलं, ह्यांनीच काहीतरी गंमत केली. तसं चढ्या आवाजात बोललोसुद्धा. त्या उठून आल्या, स्क्रीन वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. मला ते मशीन सुरूसुद्धा करता येत नाही, म्हणाल्या. मी आत जाऊन फाइल उघडली. एफ-सहासमोर माझेच कोड, जसे लिहिले होते तसे. फाइल पुन्हा पाठवली, येऊन की दाबली. पुन्हा तेच वाक्य, आणि नोंद नाही म्हणून स्लिपही नाही.

इकडे दादा वायरलेसवर तापलेला. स्लिप कुठे आहे, भरती जाईल... मी नुसता थांब, थांब म्हणत होतो. शेवटी वीसेक मिनिटांनी वैतागून टर्मिनल बंद केलं, मनात तीसपर्यंत आकडे मोजले आणि चालू केलं. फाइल मुद्दाम पाठवली नाही. म्हणजे आता एफ-सहा कोरी. कोरी की दाबल्यावर स्क्रीनवर काही म्हणजे काहीही येता कामा नये.

दाबली.

गाऱ्हाणां घातलां काय?

मालतीताईंनी माझा दंड धरला होता, त्यांची नखं रुतत होती ते मला नंतर कळलं. आम्ही दोघं बघत राहिलो... आणि तेवढ्यात जेटीवर आरडाओरडा झाला. खिडकीतून पाहिलं तर दादाची बार्ज एका अंगाला कलली होती. बुडाचा सांधा उघडला होता. वर काठोकाठ खनिज! दोर अजून बांधलेला होता, जेटीला चिकटून होती, म्हणून सातही माणसं उड्या मारून वर आली. बघता बघता बार्ज जागच्या जागी चिखलात बसली. पहिल्या दाबाला स्लिप निघाली असती, तर त्या वेळेला ती बंदराबाहेर खोल पाण्यात असती.

मी धावत सुटलो. दादा ओलाचिंब होऊन जेटीवर बसला होता. सगळ्यांसमोर त्याला मिठी मारून रडलो मी, लाज वाटली नाही. स्लिप का दिली नाहीस, असं त्याने विचारलं तेव्हा जे दिसलं ते सांगितलं. वाटलं, हसेल. त्याने डोक्यावरची ओली टोपी काढून हातात घेतली.

"आज मी गाऱ्हाणां घालूक नाय रे, सुध्या," तो म्हणाला. "आजच. तू म्हटलंस ना, स्लिप इली की सुटायचां..."

बार्जवरच्या सात माणसांशिवाय हे कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. ऑफिसात तर नाहीच.

दुपारी फाइल पाठवून एफ-सहा दाबली, तर मुकाट्याने "बार्ज सुटली" आलं. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाला इंजिनिअर आला, त्याने टर्मिनल खोलून तपासलं, काही दोष सापडला नाही. मेमरी बिघडली तर वेडीवाकडी अक्षरं येतील, सरळ वाक्य कसं येईल, असं उलट त्यानेच मला विचारलं. तुमच्यापैकी कुणी तसल्या टर्मिनलवर काम केलं असेल तर खरंच सांगा, मी इतकी वर्षं डोकं फोडून थकलो.

एवढं मात्र केलं. मी एफ-दहा गाऱ्हाण्यासाठी भरली. वायरलेसवर प्रत्येक तांडेलाला विचारायचो, पलीकडून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" ऐकू आलं की आधी दहा दाबायचो, मग सहा. साहेबांनी विचारलं, ही कशाला वाढवली? म्हटलं, आबांनी मागितली होती.

दादाच्या त्या मुलीला आता स्वतःची दोन मुलं आहेत. ती आली की कधीकधी मनात येतं... एकच बटण मागितलं होतं म्हाताऱ्याने. मी दिलं नाही, म्हणून त्यांना माझंच घ्यावं लागलं.