डेल्विना वहिनीच्या गाडीचं सोवळं

माझी वहिनी डेल्विना अजून जिवंत आहे, म्हणून हे आत्ताच सांगून टाकतो. माणूस मेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं लागतं, आणि ते काही मला जमायचं नाही.

आमच्या खोऱ्यात ऑक्टोबर संपता संपता बटाटे निघतात आणि लगेच गाड्यांच्या पोटाला तेल मारायचं काम निघतं. तेल कसलंही चालतं, करवतीच्या साखळीचं नाहीतर इंजिनातून काढलेलं. चिकट असलं म्हणजे झालं. ते ओलं असतानाच शेतातल्या कच्च्या रस्त्यावरून दहा मैल गाडी पळवायची. धुरळा तेलावर बसतो, त्याचं जाड पुट धरतं, आणि मग एप्रिलपर्यंत बर्फ वितळवायला रस्त्यावर कितीही मीठ ओतलं तरी ते पत्र्याला शिवून गंज धरवत नाही. गाडी दिसते ओंगळ, पण वीस हिवाळे काढते. माझ्या बापाने हेच केलं, मीही हेच करतो. माझं गॅरेज आहे, आणि दरवर्षी गाड्या तपासून काचेवर पासाचं स्टिकर, ज्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ते लावायचं काम सरकारने मला दिलेलं आहे. त्यामुळे गावातल्या प्रत्येक गाडीचं पोट मला पाठ आहे.

डेल्विना याच खोऱ्यातली, पण तेलाचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी धुतलेली बाई ती. माझी गाडी दारात उभी राहिली की म्हणायची, "भावोजी, लांब लावा ती. डुकरालासुद्धा कधीतरी चिखलातून उठावंसं वाटतं." माझा थोरला भाऊ ओनेझिम आतून हसायचा, पण बाहेर येऊन एक शब्द बोलायचा नाही.

तिची गाडी पांढरी होती. ओनेझिमने कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर घेतलेली. बाई कुठूनही घरी आली की गाडी बंद खोलीत घ्यायची, हीटर लावायची, कोमट पाण्याने आंघोळ घालायची आणि फडक्याने पुसायची. दिव्यांच्या कडा तर दात घासायच्या जुन्या ब्रशने. आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतील की मीठ थंडीत निजतं आणि उबेला जागं होतं. मिठाची गाडी रात्रभर उबेत ठेवणं म्हणजे खमिराची कणीक भिजवून फुगायला चुलीशेजारी ठेवणं. पण हिला सांगणार कोण? शिवाय दर हिवाळ्याच्या तोंडावर ही सत्तरीची बाई पुठ्ठ्यावर उताणी पडून गाडीच्या पोटाला डब्यातला डांबरासारखा काळा रंग फासायची. पावाला लोणी लावावं तसा जाड.

तिचा जीव त्या गाडीत का अडकला होता, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. घर गावापासून आठ मैलांवर. ओनेझिम गेला तेव्हा मुलगी क्लोदेत दक्षिणेतून पाच तास गाडी चालवत आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "आई, गाडी चालतेय तोवर हे घर तुझं. गाडी गेली की नदीकाठच्या वृद्धाश्रमात जायचं. दिलास शब्द?"

"दिला," डेल्विना म्हणाली. "माझ्या आधी ती गाडी जात नसते."

त्याच मयताच्या दिवशी माझं बिनसलं. माझी तेलकट गाडी मयताच्या रांगेत नको, असं वहिनीने फर्मावलं. मी म्हटलं ठीक आहे, तुमच्या गाडीत बसतो. मी आंघोळ केली होती, नवा सूट घातला होता, सख्ख्या भावाला पुरायला निघालो होतो. चर्चच्या पायऱ्यांवर चाळीस माणसं उभी होती. या बाईने पुढचं दार उघडलं, सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि मला म्हणाली, "बसा आता."

मी बसलो. कबरस्तान येईपर्यंत माझ्या बुडाखाली तो कागद करकरत होता. त्या दिवशी मी मनात जो डूख धरला, तो खाली ठेवला नाही.

पुढच्या मार्चमध्ये ती गाडी तपासायला घेऊन आली. मी गाडी लिफ्टवर चढवली आणि खाली जाऊन पाहिलं. गाडीच्या दारांखाली जो पोकळ पत्रा असतो, त्याला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. वहिनीने ती सगळी काळ्या रंगाने लिंपून टाकली होती. तिच्या हिशोबाने ती मीठ आत शिरायची दारं. खरं तर मीठ वरून झिरपतं, आणि बाहेर पडायची वाट तेवढी तीच असते. रोजच्या आंघोळीचं खारं पाणी आत कोंडून ठेवायचं आणि वर हीटर लावायचा, म्हणजे आतून सडणार नाही तर काय? मी हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज अजून टणक होता. ड्रिलने चार भोकं पाडली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी स्टिकर लावलं आणि म्हटलं, "झकास आहे वहिनी. आरशासारखी."

"असणारच," ती म्हणाली. "घासावं लागतं, भावोजी."

दुसऱ्या मार्चला आवाज घोगरा झाला. तिसऱ्या मार्चला पत्रा ठोकल्यावर आत काहीतरी सळसळत खाली बसलं. मी दर वेळी मूग गिळून स्टिकर लावत गेलो. लाज वाटली का म्हणाल, तर वाटली. पण घरी जाऊन कुट्टूच्या पिठाची धिरडी खाताना तो आवाज आठवायचा आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

चौथ्या मार्चला गॅरेजात रेनाल्द कॉफी पीत बसला होता. हा बटाट्याचा ट्रक चालवतो. त्याच्याही गाडीला वहिनीने कधीकाळी डुक्कर म्हटलेलं होतं. मी पांढरी गाडी वर घेतली आणि हातोडी मारली. हातोडी मनगटापर्यंत आत गेली. ओंजळभर तांबडा चुरा माझ्या बुटांवर पडला.

रेनाल्द म्हणाला, "मोठं घर, पोकळ वासा."

वहिनी लिफ्टखाली आली. पांढरा लोकरी कोट घातला होता. तिने वर त्या भोकाकडे पाहिलं.

"यंदाचं लावा," ती हळूच म्हणाली. माझ्याकडे काही मागताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "एकच वर्ष, भावोजी. पुढच्या मार्चला मी आपण होऊन घर सोडीन. क्लोदेतला आत्ता सांगू नका."

"कायदा आहे, वहिनी."

रेनाल्द फिसकन हसला. त्याच्या ट्रकला याहून मोठं भगदाड होतं आणि काचेवर माझंच स्टिकर होतं.

तिने त्या भोकात बोट घातलं, चुरा काढला, पांढऱ्या रुमालावर ठेवून चोळला. "हे कधीपासून?"

"एका हिवाळ्यातसुद्धा होतं. मिठाचा काय भरवसा."

"तीस वर्षं डाग काढलेत मी," ती म्हणाली. "ताजा कोणता आणि जुना कोणता, मला कळतं. हा तुम्ही चार वर्षं पाहताय."

मी हातोडी पुसत राहिलो. तिने रुमालाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. क्लोदेतला फोन तिनेच लावला, माझ्याच गॅरेजातून. शब्द दिलेला होता, एवढंच बोलली.

पुढच्या आठवड्यात तिला वृद्धाश्रमात सोडायला मीच गेलो. क्लोदेतला रजा नव्हती. माझ्या गाडीच्या सीटवर मी वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, चारही कोपरे सरळ करून. ते पसरताना मला मजा आली होती. वहिनीने दार उघडलं, कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. कागद उचलून तिने घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या पांढऱ्या कोटासकट माझ्या गॅरेजच्या कपड्यांनी तेलकट झालेल्या सीटवर बसली. 

उतरली तेव्हा तिच्या पाठीमागे, कमरेखाली, हातभर काळा डाग उमटला होता. मी म्हटलं, "वहिनी, कोट द्या, धुऊन आणतो."

"राहू द्या," ती म्हणाली.

आता दर रविवारी आश्रमाची गाडी तिला चर्चमध्ये आणते. बाक कितीही रिकामे असोत, ती माझ्या बरोबर पुढच्याच बाकावर येऊन बसते. गाण्यासाठी सगळे उठतात, तीही उठते. मेपासून उन्हाळा असला तरी अंगात तोच पांढरा कोट असतो, आणि खाली नजर गेली की तो डाग हातभर अंतरावर दिसतो. डाग काढण्यात तिच्याइतकं तरबेज खोऱ्यात कुणी नाही. हा ती काढत नाही.