मांडीवर न घेतलेलं डोकं

खरं सांगायचं तर, त्या बाईला इथून घालवून द्या, एवढं एकच मागणं घेऊन मी त्या हिवाळ्यात दर गुरुवारी दत्त महाराजांच्या तसबिरीपुढे बसत होते. महाराज काही ऐकत नव्हते. चिडून मी एकदा नैवेद्यही गुळाच्या खड्यावर भागवला. आपली श्रद्धाच आटत चाललीय की काय असं वाटायचं, आणि त्याचं खापरही मी तिच्याच माथी फोडत होते.

ती म्हणजे लितिया मिस, आमच्या सईच्या शाळेतली रग्बीची कोच, मूळची फिजीची. ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही दुबईतलं अल कुसैस सोडून अल ऐनला आलो. सईला इथे कोणी मैत्रीण नव्हती, ती तिला मुलींच्या टीममध्ये मिळाली. पोरींनी एकमेकींना धरून जमिनीवर आपटायचं, ह्याला खेळ म्हणतात होय? पण खेळापेक्षा मला बाई खुपायची. एवढा थोरला बांधा आणि आवाज मात्र लोण्यासारखा मऊ. मॅचआधी सगळ्या पोरींना गोल उभं करायची, माना खाली घालायला लावायची आणि स्वतः डोळे मिटून काहीतरी गुणगुणायची. सईला विचारलं तर म्हणे, "आई, इट्स जस्ट अ टीम थिंग." जस्ट म्हणे! घरी देवाला नमस्कार करायला कंटाळा, आणि तिथे मान बरी वाकते. शिवाय बाई मोडकीतोडकी हिंदी बोलायची. फिजीत हिंदी कुठून आली? मी तर थर्मास घेऊन प्रॅक्टिसला खुर्ची टाकून बसायलाच लागले, पहाऱ्याला.

सई घरी येऊन तिच्याच गोष्टी सांगायची. मिस लहानपणी भावांच्या मोठ्या बुटांत कागद कोंबून खेळायची, पोरीच्या जातीने असलं खेळायचं नाही म्हणून वडिलांनी बोलणं टाकलं होतं, तरी ती देशाच्या टीमपर्यंत पोचली, दुबईतही खेळून गेली, आणि रेडिओवर तिचं नाव ऐकून तेच वडील गावभर सांगत सुटले. मला ह्यातलं एक अक्षर पटत नव्हतं. एवढी मोठी खेळाडू ऐन भरात खेळ सोडून शाळेतल्या पोरींना चेंडू फेकत कशाला बसेल? आणि तो डावा हात? चहा दिला तर कप उजव्यानेच घ्यायची, डावा नुसता लोंबत राहायचा. बाई काहीतरी लपवते, असं मी ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, अगं, तुला शेजारच्या मांजराचाही संशय येतो, खलास, पुरे कर आता.

मग ती मॅच आली, घरच्याच मैदानावर. सई चेंडू घेऊन पळाली, दोघींनी तिला धरलं आणि ती डोक्यावर पडली. बाकीच्या उठल्या, ती उठली नाही. मी खुर्ची उलथून धावले. आपल्याकडे कोणी पडलं की पहिलं काय करतात? डोकं मांडीवर घेतात, तोंडावर पाणी मारतात. मी तेच करायला वाकले, तर त्या बाईने मला खांद्याने असं ढकललं की मी गवतावर बसलेच. "मूडी नई छूओ!" ती ओरडली. माझ्या लेकीच्या डोक्याला कोंबडीसारखं मुंडी म्हणते ही! मग ती स्वतः पालथी पडली, सईचं डोकं दोन्ही हातांच्या मध्ये घट्ट धरलं आणि पुटपुटायला लागली, तुलोउ, तुलोउ. झालं. मला वाटलं हिचा मंत्र सुरू झाला, माझी पोर बेशुद्ध आणि ही तिला कसली तरी दीक्षा देतेय. मी तिच्या पाठीत गुद्दे घातले, शर्ट ओढला. पण एरवी लोंबणारा तिचा डावा हातही सुटला नाही, की ती जागची हलली नाही. सई डोळे उघडून "आई" म्हणाली तेव्हाही तिने मला पायाशीच बसवलं आणि तिथूनच बोलत राहायला सांगितलं. अँब्युलन्सवाल्यांनी मानेला पट्टा बांधला, तेव्हा कुठे तिने हात काढले.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्याला चीर गेलीय, पण आतला मज्जारज्जू शाबूत आहे, कारण कोणी मान उचलली नाही. उचलली असती तर काय झालं असतं, तेही त्यांनी सांगितलं. माझी पोर मानेखाली जन्मभर लुळी झाली असती, आणि ती माझ्या मांडीवर.

बाहेर लितिया मिस बसली होती, अंगावर मातीचे डाग तसेच. मी आधी विचारलं, तुलोउ म्हणजे काय. संशय असा एका फटक्यात थोडाच जातो! ती म्हणाली, त्यांच्यात दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं हा मोठा अपमान, लावावाच लागला तर आधी माफी मागायची, त्या माफीचाच तो शब्द. मूडी म्हणजे नुसतं डोकं. तिच्या गावाशेजारी उसाच्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली भारतीय माणसं होती, त्यांच्याकडून तिने ही हिंदी उचलली होती. मग तिने आपला शेवटचा खेळ सांगितला. देशाच्या टीमबरोबर दौऱ्यावर निघायच्या आधी गावच्या मैदानावर ती अशीच पडली होती.

"हमार बहिन दौड़ के आइस," ती म्हणाली, "मूडी गोदी में रख लिस. प्यार से."

तेव्हापासून डाव्या हातातला जोर गेला, आणि खेळही. बहिणीला तिने कारण कधीच कळू दिलं नाही, म्हणून ती कोणालाच सांगत नाही. मी तिचे दोन्ही हात धरून रडले. नाव बदलून, तिला विचारूनच इथे लिहितेय. बहिणीला मराठी येत नाही, एवढं बरं आहे.

सईचा पट्टा निघाला. पुन्हा खेळायचं की नाही ह्यावर आमचं रोज वाजतं. लितिया मिसला महाराजांनीच पाठवलं होतं का, ह्या वादात मी पडत नाही. मला इतकंच कळतं, की माझं गाऱ्हाणं त्यांनी मनावर घेतलं असतं, तर त्या संध्याकाळी मला ढकलून द्यायला मैदानात कोणी नसतं. हल्ली मी नुसती त्यांच्यापुढे बसते. मागणं ओठांवर येतंच, माझा स्वभाव कुठे जाणार? पण मागून झालं की हात जोडून म्हणते, महाराज, मला कळत नसेल, तर माझं ऐकू नका.