उतरवलेली मडकी

पाखरं पाळते म्हटलं की निपाणीत लोकांना आधी पोपटच आठवतो. पोपट न्हाय हो, फिंच! चिमणीपेक्षा लहान, चोच लालभडक, नराच्या गालावर शेंदरी ठिपका. धाकटी मुलगीही शिकायला बेळगावला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा कोल्हापूरहून दोन जोड्या आणल्या. दोनाच्या चार झाल्या. गच्चीवरच्या खोलीत मोठा जाळीचा पिंजरा, आत तारेनं बांधलेली चार मडकी आणि मडक्यांत काथ्या. राळ्याचे दाणे टाकले की सगळी एकदम पिपाण्या वाजवतात.

सासऱ्यांना घरात सगळेच आप्पा म्हणतात, मीसुद्धा. आमचं घर जैन. आप्पांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, पण दिवस मावळल्यावर त्यांनी कधी घास घेतला नाही. अंडं तर आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून माझ्या माद्यांनी पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा मी खाली येऊन मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "आप्पा, घरात अंडी आलीत!" त्यांनी जपमाळ तशीच पुढं ओढली. माझ्याशी मात्र बरेच दिवस बोलले नाहीत.

मग आलं पर्युषण, आमचे व्रत-उपासाचे दिवस. एके सकाळी मंदिरातून आले ते थेट गच्चीवर.

"पिंजरा उघड. जीव कोंडून ठेवणं पाप हाय. अभयदान देऊया."

"आप्पा, ह्यांचा जन्मच पिंजऱ्यातला. भाईर दाणा कुठं शोधायचा ह्येबी ह्यांना ठावं न्हाय. संध्याकाळपतोर कावळे एकेकाला उचलतील. ह्येला अभयदान म्हणायचं व्हय?"

"ते त्यांचं कर्म."

"मग पिंजराबी त्यांचंच कर्म समजा की!"

सुनेनं असं बोलायचं? आप्पांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. दार उघडेपर्यंत अन्न घेणार नाही म्हणाले. नवरा बिचारा दोन्हीकडून कात्रीत. "सोड की गं, पाखरंच ती. म्हातारा माणूस उपाशी बसलाय," असं म्हणत दिवसभर माझ्या मागं मागं फिरला. शेजारच्या आक्का येऊन चार गोष्टी सुनावून गेल्या. मला राग आला तो याचा, की पाखरं मरतील हे एकालाही खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना हाताला धरून वर नेलं आणि एका मडक्याच्या तोंडाशी कान लावायला लावला. आत उघडीबोडकी पिल्लं चिरचिरत होती. डोळेसुद्धा उघडले नव्हते.

"ह्यांचे आईबाप उडाले की ही उद्या न्हाईत. उघडा दार. पण तुमच्या हातानं उघडा."

आप्पांचा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी पुन्हा एकदा मडक्याला कान लावला. मग वखारीत सौदा पक्का करावा तशा आवाजात म्हणाले, "आत्ता न्हाय. एकाबी मडक्यात पिल्लू नसंल त्या दिवशी मी स्वतः दार उघडणार. हा माझा नेम." आणि खाली जाऊन जेवले.

मला हसू आवरेना. तंबाखूचं पान बोटांत चोळून त्याची प्रत सांगणारा माणूस, पण फिंच काय चीज आहे हे त्यांना कुठं माहीत! एक वीण मडक्यातून पिंजऱ्यात उडते न उडते तोच मादी पुन्हा अंड्यावर बसते. चार मडक्यांतलं एक रिकामं, तर दुसरं भरलेलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आप्पा रोज सकाळी वर यायचे.

"उडाली का?"

"ही उडाली. त्या मडक्यात नवी आलीत."

"लई झालं की गं!"

"व्हय आप्पा. काय करायचं?"

पण खेळ माझा आणि जीव माद्यांचा चालला होता. दोन-तीन विणी झाल्या की मडकी उतरवायची, नर-माद्यांच्या मध्ये जाळी घालायची आणि माद्यांना विसावा द्यायचा, ही पाळणाऱ्यांची रीत. मी उतरवत नव्हते. उतरवली की आप्पांचा नेम लागू.

शिमग्याच्या सुमाराला माझी सगळ्यात जुनी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसली. अंडं अडकलं होतं. सारखी घालून घालून अंगातलं सत्त्व संपलं की असं होतं. तिला ओंजळीत घेऊन गरम पाण्याच्या पिशवीपाशी शेकत बसले. ती धापा टाकत होती आणि मला माझं आठवत होतं. धाकटी अजून अंगावर पीत होती, तेव्हाच या घरात 'आता एक मुलगा' सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अंगात रक्त नाही, थांबा. कोण थांबतंय! ते पोर पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, मी कशीबशी वाचले. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

दुपारी मादीनं मऊ सालीचं अंडं टाकलं आणि मान वर केली. मी तेव्हाच ठरवलं, बास. मध्ये जाळी घातली. उरलेली पिल्लं दाणा टिपायला लागली तशी चारही मडकी उतरवली.

सकाळी आप्पा आले. "मडकी कुठायत?"

"उतरवली."

"म्हंजे पिल्लू न्हाय."

"न्हाय."

त्यांनी कडीला हात घातला. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"नेम हाय माझा," ते म्हणाले.

"असू दे. तुमच्या नेमापायी दमल्याली मादी मी परत अंड्यावर बसवणार न्हाय. मला बसवलासा तसं. माझं पोर गेलं, तवा मला कुणी अभयदान दिलं न्हाय, आप्पा."

इतकी वर्षं अडकलेलं होतं ते. मी दारासमोरून हलले नाही. आप्पांनी कडीवरचा हात काढला. धोतराचा सोगा उगीच नीट करत राहिले.

"मडक्यात पिल्लू नसंल तर दार उघडायचं, असा नेम व्हता," शेवटी ते म्हणाले. "मडकंच न्हाय, तर नेम लागू कसा व्हईल?"

व्यापारी माणूस! जिन्यापर्यंत गेले आणि मागं न बघता म्हणाले, "मडकी परत कधी लावायची, ते तूच ठरीव."

माफी त्यांनी मागितली नाही. मीही शब्द मागं घेतले नाहीत. अजूनही घरी येणारी एखादी बाई विचारते, "दोन मुलीच? मुलगा न्हाय?" मी तिला गच्चीवर नेते आणि कोपऱ्यात पालथी घातलेली मडकी दाखवते. कळलं तर कळलं.