सायलीची बेरेट

आज परेड संपल्यावर सायलीची आई विद्यापीठाच्या मैदानावर आली. सायली आमच्याच एनसीसी तुकडीतली कॅडेट, मागच्या महिन्यात अपघातात गेली. युनिफॉर्म परत जमा करावा लागतो. नियम आहे. काकूंनी तो धुऊन, कडक इस्त्री करून आणला होता.

त्यावर ठेवलेली बेरेट, आमची लोकरी टोपी, माझ्या हातात देत म्हणाल्या, "घामाने फार मळली होती गं, म्हणून मशीनला लावली."

नवी बेरेट मिळाली की आम्ही ती गरम पाण्यात भिजवतो आणि डोक्यावरच वाळू देतो. मग ती फक्त आपल्याच डोक्याला बसते. सायली तर तशीच ओल्या टोपीने बसमधून हडपसरला गेली होती.

तिच्या डोक्याचा तो आकार आज धुऊन गेला होता.

"स्वच्छ निघाली ना?" काकूंनी विचारलं.

मी "हो काकू" म्हणाले. तुम्ही सांगितलं असतं का?