उपकेंद्राच्या ठरावाचं पाचवं मत

ग्रामपंचायतीत मी निवडून आले ती महिलांच्या राखीव जागेवर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. बुद्धविहाराजवळचा आमचा वॉर्ड, न्हावऱ्याच्या अलीकडचं गाव. सदस्य नऊ : पाच सरपंचांच्या गटाचे, चार आमच्या. मुंबईत कुठला पक्ष कुणाबरोबर आहे हे पेपरात वाचावं लागायचं. गावात मात्र माणूस कुणाच्या टपरीवर चहा पितो, यावरून त्याचा पक्ष कळायचा.

आमचा ठराव आरोग्य उपकेंद्राचा होता. एसटी थांब्यामागची मोकळी जागा त्यासाठी दिली, की नर्सबाई गावातच राहायला येणार होत्या. तोवर त्या न्हावऱ्याहून एसटीनं यायच्या आणि समाजमंदिराच्या ओट्यावर पोरांना लस टोचून परत जायच्या. ठरावात विरोध करण्यासारखं काही नव्हतं, फक्त तो आम्ही मांडला होता. आधीच्या पंचवार्षिकला सरपंचांच्या गटानं हाच ठराव मांडला, तेव्हा आमच्या गटानं पाडला होता. असं का, म्हणून मी आमच्या गटाचे पुढारी आप्पा यांना विचारलं.

"तवाची गोष्ट येगळी व्हती," ते म्हणाले.

ठराव पाच विरुद्ध चारनं पडला. त्या पाचांतलं एक मत एका मामींचं होतं. मामी सभेला कधी यायच्याच नाहीत. त्यांचे मालक त्यांच्या खुर्चीवर बसायचे, हात वर करायचे आणि सहीपुरतं रजिस्टर घरी न्यायचे.

काही महिन्यांनी ठराव पुन्हा आणायचं ठरलं, तेव्हा आप्पांनी डाव सांगितला : सभेच्या दिवशी मामींच्या मालकांना यवतच्या ढाब्यावर मटण खायला न्यायचं.

"मग चार-चार होत्याल," मी म्हटलं. "आन् बरोबरी झाली की सरपंचांचं जादा मत. मटण बी जाईल आन् ठराव बी."

मटणाचा बेत आप्पांना मनापासून आवडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध डेअरीवर मामींना गाठलं. त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दम निघाला नव्हता. नात जीपमध्येच जन्मली होती.

"मामी, या खेपेला तुम्ही सोता या की सभेला."

"मालक जात्यात की."

"निवडून तुम्ही आलाय."

मामींनी किटली खाली ठेवली. "मी तुमच्या गटाची न्हाई, पोरी."

"गटात नका येऊ. सभेला तेवढं या."

सभेच्या दिवशी मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं, सदस्य नसलेल्या माणसाला मत देता येतं का. नाही, असं त्यांना सगळ्यांदेखत म्हणावं लागलं. मामींचे मालक उठले आणि बायकोला बोलावून आणलं. वाटेत त्यांनी तिला बजावलं होतं, की मी खिडकीतून खोकलो की हात वर करायचा, एरवी न्हाई. हे मामींनीच मला नंतर सांगितलं.

भाऊसाहेबांनी ठराव वाचला. "बाजूनं कोण?" आमचे चार हात वर गेले. खिडकी शांत होती. "विरोधात कोण?" म्हणताच बाहेर जोराचा खोकला सुरू झाला. मामींचा हात मांडीवरच. खोकला वाढला. सरपंच खिडकीकडे आणि मामींकडे आळीपाळीनं बघू लागले.

मामी पदर सावरून उभ्या राहिल्या आणि सरपंचांना म्हणाल्या, "आबा, मालकांचा खोकला ऐकताय न्हवं? गावात दवाखाना असता तर ही पाळी आली नसती. माझं मत दवाखान्याला लिवा."

आधी हसले ते भाऊसाहेब, मग सरपंचांच्या गटातलेच दोघं. बाहेरचा खोकला एकदम थांबला.

सरपंच हुशार माणूस. ते लगेच म्हणाले, "भाऊसाहेब, सूचक म्हणून माझं नाव घाला. आन् एकमतानं मंजूर लिवा."

"घाला," मी म्हटलं. बाहेर आल्यावर आप्पा माझ्यावर चांगलेच उखडले. "ठराव आपला आन् नाव त्येंचं व्हय?"

पुढं इमारत झाली. उद्घाटनावर आमच्या गटानं बहिष्कार टाकला; बांधकाम निकृष्ट आहे, असं आप्पांचं म्हणणं. ते आतून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी गेले. स्टेजवर सरपंचांच्या शेजारी मामींचे मालक हार घालून बसले होते, आणि मामी खाली सतरंजीवर.

मी त्यांच्याजवळ सरकले. "मामी, तुमचा मान त्या खुर्चीवरचा."

"बसू दे त्येंना, हौस हाय," त्या म्हणाल्या. "तू त्या पाण्याच्या टाकीच्या ठरावाचं काय म्हणत व्हतीस, ते सांग."